मशीन अडकलं, असं मी म्हणालो

माझा धंदा वेबसाइट बनवायचा, आणि या धंद्यात खोटं बोलायची सोय उत्तम आहे. साइट उघडत नाही म्हणून गिऱ्हाइकाचा फोन आला की मी सांगतो, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. फॉर्म भरूनही मेल गेला नाही तर दोष मेलवाल्यांचा. पान वेडंवाकडं दिसत असेल तर तुमचा फोन जुना. बऱ्याचदा चूक माझीच असते, पण ती मशीनवर ढकलली की मशीन उलटून बोलत नाही आणि गिऱ्हाईकही गप्प बसतं. ही विद्या मी ऑफिसात शिकलो नाही. ती मी एकोणिसाव्या वर्षी कल्याणच्या एका रस्त्यावर शिकलो, एका माणसाची बोटं चिरडली गेली त्या संध्याकाळी.

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. ठाण्यातल्या ऑफिसात माझ्या टेबलावरचा हा पाचवा माउस आहे, आधीचे चार भिंतीवर गेले. घरी मानपाड्याला बाथरूमच्या दारात माझ्या मुठीच्या मापाचा खड्डा आहे. बायकोने त्यावर टॉवेलचा हूक लावून घेतला आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाही. मला तिने ओरडायला हवं होतं.

राग बापाकडून आला. तो एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत होता आणि त्याच्या हातांना कितीही साबण लावला तरी एक आंबूस वास राहायचा. तो वास जवळ आला की मी डोळे मिटायचो, कारण वासामागून हात यायचा. पट्टा, चप्पल, छत्री, एकदा तर माझीच कंपासपेटी. का मारायचा हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. मार खाऊन झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा डबा बडवायचो. आईला वाटायचं पोराला तालाची आवड आहे. आवड होतीच, पण आधी मला काहीतरी बडवायचं होतं, ताल नंतर आला.

त्याच काळात मला अवकाशाचा नाद लागला. वाचनालयात ग्रहताऱ्यांची तीन पुस्तकं होती, ती मी आळीपाळीने आणायचो. त्यात लिहिलेलं की वर हवा नाही, म्हणून आवाज नाही. दोन दगड एकमेकांवर आदळून चुरा झाले तरी काही ऐकू येत नाही. आमच्या दोन खोल्यांत, जिथे भांडं पडलं तरी कोणाच्या तरी कानाखाली आवाज निघायचा, तिथे मला ही गोष्ट स्वर्गाहून भारी वाटायची. अजून वाटते. सिनेमात अंतराळात स्फोट होऊन धडाम वाजलं की मी थिएटरात शिव्या घालतो.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी बेंजो पार्टीत शिरलो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक टेम्पो, त्यात जनरेटर आणि भोंगे, चार ढोल, खुळखुळा, एक इलेक्ट्रॉनिक पॅड आणि मध्ये बेंजो. बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, आत तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. आमचे मास्तर बेंजो वाजवायचे. शहाडला राहायचे, दिवसा एका गोदामात मुकादम होते आणि संध्याकाळी राजा. त्यांची डावी बोटं बटणांवर अशी पळायची की बघणाऱ्याला भीती वाटावी, आता एखादं अडकणार. कधी अडकलं नाही.

पॅड माझ्याकडे होतं. त्यात ठेके भरून ठेवायची सोय होती. पायाने पॅडल दाबलं की भरलेला ठेका एकसारखा फिरत राहायचा, त्याला लूप म्हणायचं. पुन्हा दाबलं की बंद. वर मी हाताने काड्या मारून रंग भरायचो.

पार्टी सगळ्यांची होती. आगरी गावांतल्या हळदी, गणपती, नवरात्र, जयंती, उरूस, एकदा तर चर्चच्या जत्रेलाही आम्ही वाजवलं. मी कॉलेजात असल्याने मला धर्मनिरपेक्ष हा शब्द येत होता आणि तो मी टेम्पोत बसून मास्तरांना समजावून सांगायचो. ते सुपारी कातरत ऐकायचे. त्यांचा स्वतःचा एकच नियम होता आणि त्याला नाव नव्हतं. रस्त्यात हॉस्पिटल आलं, कोणाच्या दारात मयत असली, मंदिर, मशीद, विहार, चर्च, काहीही असलं आणि आत माणसं बसलेली असली, की मास्तर नखीवाला उजवा हात वर करायचे. हात वर गेला की सगळ्यांनी वाजवणं तिथेच थांबवायचं, चालत राहायचं. फक्त एका ढोलवाल्याने ढोलाच्या कडेवर टिपरी मारत चाल धरून ठेवायची, म्हणजे नाचणाऱ्यांचे पाय सुटत नाहीत. शंभरेक पावलं पुढे गेलं की हात खाली, आणि गाणं सोडलं होतं तिथूनच पुढे.

मी एकदा विचारलं होतं, आत कोण आहे हे कसं ठरवायचं.

"कोण आहे ते बघायचंच नाय," मास्तर म्हणालेले. "कोणीतरी आहे ना, बस."

आज मी इंटरनेटवर धर्म आणि राज्य यावर लांबलचक लिहितो. दोन फॅमिली ग्रुपमधून मला काढलंय, तिसऱ्यातून मी स्वतः शिव्या देऊन निघालो. एवढं लिहूनही त्या एका वाक्याच्या पुढे मी गेलेलो नाही.

मास्तरांना मी अवकाशाच्याही गोष्टी सांगायचो. एका यानावर जगभरातलं संगीत तबकडीवर कोरून दूर पाठवलंय, कोणाला सापडलं तर ऐकतील म्हणून, हे त्यांना फार आवडलं होतं. त्यात बेंजो आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर ते खरोखर चिडले. मग काय ऐकवणार त्या लोकांना, म्हणाले.

आता ती संध्याकाळ. मिरवणूक कोणाची होती ते सांगत नाही. समोर कोणाचं प्रार्थनास्थळ होतं तेही सांगत नाही. सांगितलं की वाचणारा लगेच आपली बाजू पकडून बसतो आणि बोटांचं कोणाला काही राहत नाही.

मिरवणूक चारला निघाली. पाचच्या सुमारास एक प्रसूतिगृह आलं, मास्तरांचा हात वर गेला, मी पॅडल दाबून लूप बंद केला. नाचणाऱ्यांत कपाळाला पट्टी बांधलेला एक आडदांड तरुण होता, कार्यकर्ता. तो टेम्पोवर चढला, माझी कॉलर धरली आणि काही न बोलता माझ्या कानाखाली मारली. नुसती मारली नाही, हात मागे नेऊन, नीट जागा बघून मारली. कानात शिट्टी वाजायला लागली. मग म्हणाला, बंद कोणी करायला सांगितलं, रस्ता तुझ्या बापाचा आहे का. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हात वर ठेवूनच उभे होते, त्यांनी मान हलवून मला थांब म्हणून खुणावलं. शंभर पावलं झाली, हात खाली आला, आम्ही वाजवायला लागलो.

पुढचा अर्धा तास माझ्या गालावर ती पाच बोटं जळत होती. बापाने मारलं की मी डबा बडवायचो, इथे पॅड होतं. मी लूप बंदच ठेवला आणि ठेका हाताने वाजवायला लागलो. काड्या अशा मारत होतो की एकीचा शेंडा तुटून उडाला. लोकांना ते आवडलं. ते शिट्ट्या मारत होते, पट्टीवालाही अंगठा दाखवत होता, आणि मला त्याचा अंगठा मोडायचा होता.

मग ते प्रार्थनास्थळ आलं. आत माणसं होती, चपला पायरीवर दिसत होत्या. मास्तरांचा हात वर गेला. बेंजो थांबला, ढोल थांबले, खुळखुळा थांबला. मी थांबलो नाही.

मला हात दिसला होता. हे मी सतरा वर्षं कोणाला सांगितलं नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. मला हात दिसला, आणि तो दिसला म्हणून मी जास्त जोरात वाजवलं. आत बसलेल्यांशी माझं काहीच वैर नव्हतं. माझ्या डोक्यात ना देव होता ना धर्म. काहीतरी फुटावं, कोणाचं तरी रक्त निघावं आणि ते मी काढलेलं असावं, एवढंच होतं. गर्दीला ते लगेच कळलं. गर्दीला असलं फार पटकन कळतं. माणसं त्या दाराकडे तोंड करून नाचायला लागली. कोणीतरी पायरीवरच्या चपला लाथेने उडवल्या.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले नाहीत. बेंजो खाली ठेवला, जनरेटरकडे गेले आणि वायर खेचून काढली.

अशी शांतता मी नंतर कधी ऐकली नाही. ती दोन सेकंद टिकली असेल. मग आमच्याच मिरवणुकीतले लोक टेम्पोवर चढले. दारातल्या माणसांनी येऊन मास्तरांना वाचवलं, असं लिहिलं तर छान गोष्ट होईल, पण त्यांनी आतून गेट लावून घेतलं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही लावलं असतं.

मी पॅड छातीशी धरून टेम्पोखाली शिरलो. तिथून मला आधी फक्त पाय दिसले. बूट, सँडल, एक अनवाणी पाय, त्यावर गुलाल. वरून झेंड्याच्या काठ्यांचे फटके ऐकू येत होते, अंगावर पडलेल्या काठीचा आवाज वेगळा असतो, गादीवर पडल्यासारखा. मास्तर टेम्पोच्या मागच्या बाजूने खाली उतरू पाहत होते. त्यांनी डाव्या हाताने कड धरली होती, कडेवर वळलेली बोटं मला खालून दिसत होती. कोणीतरी टेम्पोचा फाळका, ती मागची लोखंडी पाटी, उचलून त्या हातावर आपटली. मग पुन्हा उचलली आणि पुन्हा आपटली. पहिल्यांदा मास्तर ओरडले. दुसऱ्यांदा फक्त हाड मोडल्याचा आवाज आला. माझ्या समोर, वीतभर अंतरावर, रक्त टपकत होतं आणि मी पॅडला धूळ लागू नये म्हणून त्यावर शर्ट ओढत होतो.

पोलीस चौकीत मास्तरांचा हात टॉवेलात गुंडाळलेला होता. टॉवेल पिळून काढावा असा भिजलेला. हवालदाराने विचारलं, सगळे थांबले तर पॅड कसं चालू राहिलं. बाहेर मंडळाचे लोक उभे होते, दारातून आत बघत होते. मी म्हणालो, मशीन अडकलं साहेब, लूप बंदच होईना. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हवालदाराला म्हणाले, हो साहेब, मशीन अडकलं.

दोन बोटं वाकडी जुळली, मधलं आणि त्याच्या शेजारचं. ती पुन्हा कधी वाकली नाहीत. बेंजोला ती दोनच बोटं मुख्य लागतात. पार्टी मोडली. मी पॅड विकून टाकलं आणि कॉम्प्युटरचा कोर्स केला. पहिली दोन वर्षं शहाडला जाऊन मास्तरांना भेटायचो, मग जायचा थांबलो. कारण सांगण्यासारखं होतं, नोकरी होती, लग्न होतं. डाव्या हाताच्या पाचही बोटांनी मी रोज आठ तास कीबोर्ड बडवतो, हे खरं कारण.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक गिऱ्हाईक आलं. साउंड सिस्टिमचा मोठा कारभार, मिरवणुकांना भिंतींएवढे स्पीकर पुरवतो, आता वॉर्डातला भाऊही झालाय. सोन्याची चेन, पोट, हसरा चेहरा. मी त्याला दारातच ओळखलं, तोच पट्टीवाला. गालाला त्याचे हात पाठ होते. त्याने मला ओळखलं नाही, मला आता दाढी आहे आणि चष्मा.

त्याला साइटच्या पहिल्याच पानावर धमाका हवा होता. पिशवीतून त्याने एक जुनी सीडी काढली. जुन्या फोनवरचं शूटिंग, कोणीतरी उतरवून दिलेलं, दुसरी कॉपी कुठे नाही, जपून वापर म्हणाला. मी सीडी लावली आणि फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

अडतीस सेकंद. चित्र धूसर, पण मला सगळं दिसलं. टेम्पो, भोंगे, पाठमोरे मास्तर. सव्वीसाव्या सेकंदाला त्यांचा हात वर जातो. त्यापुढचे बारा सेकंद फक्त माझे हात आहेत, वर खाली, वर खाली. वायर खेचण्याआधीच शूटिंग संपतं.

"हा पॅडवाला पोरगा बघ," भाऊ म्हणाला. "सगळे थांबलेत आणि हा एकटा फाडतोय. पब्लिक येडी झालेली. मग त्या म्हाताऱ्याने वायर खेचली, सगळी मजा गेली."

माझ्या उजव्या हाताशी स्टेपलर होतं, मोठं, लोखंडी. ते त्याच्या कपाळावर कुठे बसेल, चेन धरून डोकं टेबलावर किती वेळा आपटता येईल, हे सगळं मी शांतपणे मनात करून घेतलं. मग विचारलं, लोगो कुठल्या रंगात हवा.

त्या शनिवारी ऑफिसात एकटा बसून मी ते अडतीस सेकंद पन्नासेक वेळा पाहिले. प्रत्येक वेळी माझेच हात पाहिले. ज्याला तालाचं थोडं कळतं त्याला पहिल्या फटक्यात समजलं असतं की हे मशीन नाही. साइट लागली की हे सगळीकडे फिरणार, शहाडलाही पोचणार. मग मी ते करायला बसलो जे मला चांगलं येतं. चित्र असं कापलं की पॅड चौकटीबाहेर गेलं. मूळ आवाज काढून टाकला, तयार मिळणारा एक धडाकेबाज ठेका खाली घातला. मूळ फाइल पुसली. सीडी दोन्ही हातांत धरून मोडली, एक तुकडा तळहातात घुसला, आणि रक्त बघून मला फार बरं वाटलं.

पण झोप लागली नाही. रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि शहाडला गेलो. पुलाखालून आत, तीच चाळ, आता पत्र्याऐवजी स्लॅब. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, खाली बुद्धाची छोटी मूर्ती, ताजी फुलं. मास्तर एका सोसायटीत रखवालदार आहेत, नुकतेच ड्यूटीवरून आलेले. केस पूर्ण पांढरे. त्यांच्या बायकोने, काकींनी, मला ओळखलं, इतकी वर्षं कुठे होतास रे म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. कपाटावर बेंजो होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर धुळीचा थर.

मी सगळं एका दमात सांगितलं. शूटिंग सापडलंय, त्यात काय दिसतं, भाऊ कोण, आणि मी ते कसं निस्तरलं. काळजी करू नका, आता कोणालाच कळणार नाही, असंही म्हणालो. हे म्हणताना मला वाटत होतं की मी त्यांच्यावर उपकार करतोय.

"काय कळणार नाही?" मास्तरांनी विचारलं.

"मशीन अडकलं नव्हतं, मास्तर. मला तुमचा हात दिसलेला."

त्यांनी बशीत चहा ओतला. वाकडी बोटं बशीच्या खाली न जाता हवेतच राहिली होती.

"ते मला तवाच माहीत होतं," ते म्हणाले. "लूपची लय चढत नाय रे. त्या दिवशी लय चढत होती. माणसाच्या हाताची होती ती."

मी विचारलं, मग चौकीत तसं का सांगितलं. बाहेर ते लोक उभे होते, तुझाही हात गेला असता, एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. सतरा वर्षं मी जे उराशी धरून बसलो होतो ते त्यांनी कधीच बाजूला ठेवून दिलं होतं. मला थोडा अपमानही वाटला, खरं सांगायचं तर.

मग त्यांनी बशी खाली ठेवली.

"त्या शूटिंगात माझा बेंजो होता?"

पन्नास वेळा पाहूनही मी तो ऐकला नव्हता. आता आठवला. हात वर जाण्याआधीचे सव्वीस सेकंद, भोंग्यातून फाटत येणारा, पण त्यांचाच.

"होता," मी म्हणालो. "सुरुवातीला."

"दुसरं कुठे नाय माझं वाजवलेलं. कोणी कधी रेकॉर्डच केलं नाय." ते माझ्याकडे बघत होते. "आणि तू पुसलास."

मी मान हलवली. त्यांनी मारलं. डाव्या हाताने मारलं. इतर बोटं गालावर बसली, पण ती दोन वाकत नाहीत, ती लोखंडी सळईसारखी डोळ्याखालच्या हाडावर लागली आणि माझा चष्मा दाराशी जाऊन पडला. काकी आतून धावत आल्या. बाप गेल्यापासून मला इतका मार कोणी दिला नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला उलट हात उचलावासा वाटला नाही. मी खाली बसून रडलो.

"परत आण," ते म्हणाले.

ऑफिसच्या सर्व्हरवर दर सकाळी सगळ्या फायलींची एक प्रत आपोआप साठते. शुक्रवारी सीडी आली, शनिवारी दुपारी मी फाइल पुसली. मधल्या सकाळी प्रत साठली असेल तर असेल. एरवी सर्व्हरला शिव्या देणारा मी, सोमवारी साफसफाईवाल्यांच्याही आधी ऑफिसात पोचलो आणि त्या खोक्यासमोर हात जोडावेत असं वाटलं. देव मानत नाही, म्हणून जोडले नाहीत, पण हात एकमेकांजवळ आले होते. फाइल होती. पूर्ण अडतीस सेकंद.

हेडफोन लावून मी पहिल्यांदा बेंजो ऐकला. सव्वीस सेकंदांत त्यांनी एकाच ओळीला तीन वेगळी वळणं दिली आहेत, आणि तिसरं वळण पुरं व्हायच्या आत हात वर गेलाय. ते वळण कुठे जाणार होतं हे आता कोणालाच कळणार नाही. मी टेबलावर मूठ आपटली, कीबोर्डची दोन बटणं उडाली. ती शोधून परत बसवली.

साइटवर मी शूटिंग जसंच्या तसं लावलं, माझ्या हातांसकट. भाऊ बघायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं की सीडी मी मोडली, आणि हा पॅडवाला मी आहे. त्याने मला चक्क मिठी मारली. पाठीवर थापा मारत म्हणाला, अरे भावा, आधी नाय सांगायचं. मी म्हणालो, त्या दिवशी तुम्ही मला कानाखाली मारलेली.

"मारली असेल रे," तो हसून म्हणाला. "तेव्हा आपण सगळ्यांनाच मारायचो."

फाळक्याचं मी विचारलं नाही. उत्तर हसतच आलं असतं आणि मग मी स्टेपलर उचललं असतं.

साइटचा दुवा मी मास्तरांच्या मुलीला पाठवला. तिने दोन अंगठ्यांचं चित्र पाठवलं, बाकी काही नाही. मास्तरांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

साइट कोणी, कुठून, किती वेळ पाहिली हे मला इथे बसून दिसतं, तो माझ्या कामाचाच भाग आहे. भाऊच्या साइटवर दिवसभर माणसं येतात, फोन नंबर घेतात आणि जातात. आवाजाचं बटण फारसं कोणी दाबत नाही. पण रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला, रखवालदारांची पाळी संपते त्या वेळी, कल्याणकडून एक जण येतो आणि आधी आवाजाचं बटण दाबतो. शूटिंग सुरू होतं. बरोबर सव्वीसाव्या सेकंदाला तो ते थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावतो. कधी चार वेळा, कधी दहा वेळा. आता आठ महिने झाले. पुढचे बारा सेकंद त्याने एकदाही ऐकलेले नाहीत.